माउंट होप आणि बिअर्डमोर हिमनदी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंटार्क्टिकाच्या साध्या नकाशावर माउंट होप बहुधा दाखवलेलाच नसतो. तरी या छोट्या डोंगराबद्दल मी कुठेही बोललो, की नंतर लोक थांबून प्रश्न विचारतात. ट्रेकर मंडळींचे प्रश्न वेगळे, भूगोलाच्या शिक्षकांचे वेगळे, आणि शाळकरी मुलांचे तर एकदम नेमके. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. उत्तरांची लांबी सारखी नाही. जिथे सांगण्यासारखं खूप आहे तिथे मी थांबलो आहे.

माउंट होप नेमका आहे कुठे?

दक्षिण गोलार्धात साधारण ८३.५ अंश अक्षवृत्तावर. तिथून दक्षिण ध्रुव सरळ रेषेत सुमारे ७२० किलोमीटर, म्हणजे मुंबई–नागपूर सरळ अंतरापेक्षा थोडं जास्तच. उत्तरेला सुमारे ६३० किलोमीटरवर मॅकमर्डो साउंड आहे. ध्रुवाकडे मोहिमा नेणाऱ्या शॅकल्टन आणि स्कॉट या ब्रिटिश शोधकांच्या झोपड्या त्याच परिसरात होत्या. डोंगराच्या एका अंगाला रॉस आइस शेल्फ पसरलं आहे. समुद्रावर तरंगणारी ही शेकडो मीटर जाडीची बर्फाची लादी महाराष्ट्राच्या दीडपट क्षेत्रफळाची आहे. दुसऱ्या अंगाला बिअर्डमोर हिमनदीचं मुख आहे. हिमनदी डोंगरांतून खाली उतरून या लादीला मिळते, बरोबर त्या तोंडावर माउंट होप उभा आहे.

उंची किती?

८३५ मीटर. कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे माउंट होप त्याच्या जेमतेम निम्मा. आकार घुमटासारखा, सुळका नाही, कडा नाही. गिर्यारोहणाच्या हिशेबाने यात फारसं काही नाही. याच हिमनदीच्या काठाला, क्वीन अलेक्झांड्रा रांगेत, माउंट कर्कपॅट्रिक ४,५२८ मीटर उंच आहे, आणि तरीही ध्रुवाच्या इतिहासात नाव जास्त येतं ते या बुटक्या घुमटाचं.

मग त्याचं एवढं महत्त्व का?

जागेमुळे. ज्यांनी सह्याद्री पायाखाली घातला आहे त्यांना हे दोन वाक्यांत कळेल. रॉस आइस शेल्फ म्हणजे कोकण समजा, जवळजवळ समुद्रसपाटीचं सपाट. ध्रुवाभोवतीचं बर्फाचं पठार म्हणजे देश. मध्ये ट्रान्सअंटार्क्टिक पर्वतरांग आडवी उभी आहे, आणि ती सह्याद्रीपेक्षा कितीतरी उंच आहे. कोकणातून देशावर जायला घाट लागतो. बिअर्डमोर हिमनदी हा तो घाट, आणि माउंट होप म्हणजे घाटाच्या पायथ्याची टेकडी, जिच्यावर चढलं की पुढची वाट दिसते.

डोंगर आणि मुख्य पर्वतरांग यांच्यामध्ये एक अरुंद, बर्फाने भरलेली खिंड आहे. शॅकल्टनच्या तुकडीने तिला ‘गेटवे’, म्हणजे वेस, असं नाव दिलं. हिमनदीचं बर्फ जिथे आइस शेल्फला भिडतं तिथे दाबाने उंचवटे उठलेले असतात आणि सगळीकडे भेगा पडलेल्या असतात. सामानाने लादलेल्या स्लेज घेऊन तिथून जाणं जिवावरचं काम आहे. या खिंडीतून गेलं की तो भाग टाळून थेट हिमनदीवर उतरता येतं. वेशीचा हा खांब नसता तर ध्रुवाकडे जाणारी ही वाट सापडायला आणखी किती वर्षं लागली असती, याचा विचार माझ्या मनात अनेकदा येतो.

बिअर्डमोर हिमनदी किती मोठी आहे?

लांबी सुमारे २०० किलोमीटर, साधारण पुणे ते नाशिक. रुंदी काही ठिकाणी ४० किलोमीटरपर्यंत. ध्रुवीय पठारावरून आइस शेल्फपर्यंत येताना ती सुमारे २,२०० मीटर खाली उतरते. जगातल्या मोठ्या दरी-हिमनद्यांमध्ये तिची गणना होते. एका बाजूला क्वीन अलेक्झांड्रा रांग, दुसऱ्या बाजूला कॉमनवेल्थ रांग, आणि मधून हा बर्फाचा प्रवाह.

प्रवाह हा शब्द मुद्दाम वापरला. बघताना ती स्थिर दिसते, पण बर्फ दिवसाला साधारण मीटरभर पुढे सरकत असतं. खालच्या खडकात उंचवटा आला की त्यावरून जाताना बर्फाचा वरचा थर ताणला जातो आणि फाटतो. ती भेग. पुढच्या वादळात तिच्या तोंडावर भुरभुरीत बर्फाचं छप्पर तयार होतं. वरून पाहिलं तर सलग पांढरी जमीन, पाऊल टाकलं की खाली शंभर-दीडशे फूट काहीच नाही. मधल्या मोठ्या पट्ट्यात वाऱ्याने वरचं भुसभुशीत बर्फ झाडून नेलेलं असतं आणि उघडं, काचेसारखं कडक निळं बर्फ राहतं. साध्या बुटाने त्यावर उभंही राहता येत नाही, तळाला खिळे लागतात.

डोंगराला ‘होप’ हे नाव कुणी दिलं?

अर्नेस्ट शॅकल्टन आणि त्याच्या तीन सोबत्यांनी, डिसेंबर १९०८ मध्ये.

‘निमरॉड’ जहाजाने गेलेल्या मोहिमेतली ही चौघांची तुकडी होती : शॅकल्टन, फ्रँक वाइल्ड, डॉक्टर एरिक मार्शल आणि जेमसन ॲडम्स. २९ ऑक्टोबर १९०८ ला ती केप रॉइड्सहून निघाली. बरोबर चार तट्टं होती : चायनामन, ग्रिसी, क्वान आणि सॉक्स. रॉस आइस शेल्फवरून सरळ दक्षिणेला चालत राहायचं, सपाट बर्फ ध्रुवापर्यंत जात असेल तर उत्तम, असा बेत होता. पण उजव्या हाताला दिसणारी पर्वतरांग हळूहळू वळत वळत समोर आली. नोव्हेंबर संपेपर्यंत स्पष्ट झालं की डोंगर ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही.

तोवर तीन तट्टं संपली होती. थकलेलं एकेक तट्टू मारून त्याचं मांस खायचं आणि काही परतीसाठी पुरून ठेवायचं, असं ते करत आले होते. उरलं होतं एकटं सॉक्स. ३ डिसेंबरला तळ तिथेच ठेवून चौघं दोराने एकमेकांना बांधून समोरच्या तांबूस ग्रॅनाइटच्या डोंगराकडे निघाले. खिशात दुपारच्या जेवणाला बिस्किटं, साखरेचे खडे आणि चॉकलेट. आइस शेल्फ जिथे जमिनीला टेकतं तिथे एक प्रचंड खाई आडवी आली. बर्फाचा पूल सापडला तेव्हा कुठे ते पलीकडे गेले. मग खडक, घसरण आणि शेवटी माथा.

वर पोहोचल्यावर पुढची वाट दिसेल, ही आशा. म्हणून माउंट होप. भौगोलिक नावांत राजे, आश्रयदाते आणि जहाजांचे कप्तान भरपूर असतात. त्या दिवशी चार दमलेल्या माणसांच्या मनात जे होतं तेच नाव झालं, हे मला फार आवडतं.

माथ्यावरून त्यांना काय दिसलं?

दक्षिणेकडे जाणारा रस्ता. दोन पर्वतरांगांच्या मधून वर चढत गेलेली, नजर पोहोचेल तिथपर्यंतची हिमनदी. त्याआधी ती कुणा माणसाच्या नजरेला पडलेली नव्हती. पाच आठवडे सपाट पांढऱ्या बर्फाशिवाय काही न पाहिलेल्या डोळ्यांना ते दृश्य कसं वाटलं असेल, याची कल्पना करून पाहा. आपण एखाद्या खिंडीत दम खात उभे असतो आणि धुकं बाजूला होऊन अख्खं खोरं उघडतं, त्या क्षणाची शंभरपट.

आणि सॉक्सचं काय झालं?

हा प्रश्न मुलं हमखास विचारतात, आणि उत्तर देताना मलाही जड जातं.

खिंडीतून हिमनदीवर आल्यावर चौथ्या दिवसाच्या सुमारास, ७ डिसेंबरला, तिघं जण पुढे एक स्लेज ओढत होते. मागे वाइल्ड सॉक्सचा लगाम धरून दुसऱ्या स्लेजसह येत होता. पुढचे तिघं एका झाकलेल्या भेगेवरून न कळत पार झाले. तट्टाच्या वजनाने ते छप्पर कोसळलं. वाइल्डच्या हाताला हिसका बसला, लगाम सुटला आणि सॉक्स गेलं. स्लेजला जोडणारा आडवा लाकडी दांडा मोडला, म्हणून स्लेज वरच अडकली आणि वाइल्डही वाचला. त्यांनी पालथं पडून आत डोकावून पाहिलं, कान दिला. काळोख, आणि कसलाही आवाज नाही.

सॉक्सबरोबर त्याचं मांसही गेलं. पुढच्या काही आठवड्यांत त्यांची जी उपासमार झाली त्याला हे एक मोठं कारण होतं.

बिअर्डमोर हे नाव कुणाचं?

विल्यम बिअर्डमोर या ग्लासगोच्या जहाजबांधणी कारखानदाराचं. शॅकल्टन काही काळ त्याच्याकडे नोकरीला होता, आणि मोहिमेला त्याने आर्थिक आधार दिला होता.

शॅकल्टन ध्रुवावर पोहोचला का?

नाही. हिमनदी चढून चौघं पठारावर गेले आणि ९ जानेवारी १९०९ ला ८८ अंश २३ मिनिटांपर्यंत पोहोचले. ध्रुव १८० किलोमीटरवर होता. पुढे गेलो तर ध्रुव गाठू, पण परत येणार नाही, हा हिशेब त्याने मांडला आणि माघारी वळला. चौघंही जिवंत परतले. माझ्या मते त्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा निर्णय हाच. ट्रेकचं नेतृत्व करणाऱ्या प्रत्येकाने तो समजून घ्यावा.

स्कॉट याच वाटेने गेला होता ना?

हो. १९११ च्या डिसेंबरात स्कॉटची तुकडी याच वेशीपाशी आली. ५ डिसेंबरला वादळ सुरू झालं आणि चार दिवस त्याने त्यांना तंबूत डांबून ठेवलं. तापमान गोठणबिंदूच्या वर गेलं होतं, त्यामुळे बर्फ ओलं होऊन पडत होतं. तंबू, पिशव्या, कपडे, सगळं चिंब. हिमनदीवर वापरायची शिधा त्यांना पायथ्यालाच फोडावी लागली. ९ तारखेला उरलेली पाचही तट्टं कशीबशी ओढत आणली आणि तिथेच गोळ्या घालून मारली. त्या तळाला त्यांनी ‘शॅम्बल्स कँप’ म्हटलं, म्हणजे कसाईखान्याचा तळ. १० डिसेंबरला ते माउंट होपच्या खिंडीतून वर निघाले. कुत्र्यांच्या गाड्या दुसऱ्या दिवशी मागे फिरल्या, आणि बारा माणसं स्लेज खांद्याला जुंपून हिमनदी चढू लागली.

पुढचं बहुतेकांना माहीत असतं. १७ जानेवारी १९१२ ला स्कॉट, विल्सन, बॉवर्स, ओट्स आणि एडगर एव्हान्स ध्रुवावर पोहोचले, तेव्हा नॉर्वेच्या अमुंडसेनचा झेंडा तिथे महिनाभर फडकत होता. परतताना हिमनदी उतरून पायथ्याशी आल्यावर, १७ फेब्रुवारीला, एव्हान्स गेला. माउंट होप नजरेच्या टप्प्यात होता. उरलेले चौघं शॅम्बल्स कँपला पोहोचले. तिथे पुरलेलं तट्टांचं मांस मिळालं आणि त्यांनी बऱ्याच दिवसांनी पोटभर खाल्लं.

अमुंडसेनने ही हिमनदी का नाही वापरली?

त्याचा तळ आइस शेल्फच्या दुसऱ्या टोकाला, बे ऑफ व्हेल्सपाशी होता. तो सरळ दक्षिणेला गेला आणि त्याला ॲक्सेल हायबर्ग ही वेगळी, लहान पण खूप उभी हिमनदी सापडली. १४ डिसेंबर १९११ ला तो ध्रुवावर होता.

डोंगर कशाचा आहे?

ग्रॅनाइटचा, सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीच्या. भूवैज्ञानिक या खडकाला डोंगराच्या नावावरून ‘होप ग्रॅनाइट’ म्हणतात. हिमनदीच्या कडेने वर जावं तसे याहून तरुण खडक लागतात : पिवळसर वालुकाश्माचे आडवे थर, त्यात कोळशाच्या पट्ट्या, आणि थरांमध्ये घुसलेल्या डोलेराइट या अग्निजन्य खडकाच्या काळ्या चादरी. ते डोलेराइट सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी, गोंडवन हा भारत आणि अंटार्क्टिका एकत्र असलेला प्राचीन खंड फुटू लागला त्या काळात वर आलं. आपला सह्याद्रीचा बेसॉल्ट त्यापेक्षा कितीतरी नंतरचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा.

बर्फात कोळसा कसा?

कारण तेव्हा तिथे बर्फ नव्हतं. फ्रँक वाइल्डला डिसेंबर १९०८ मध्ये हिमनदीच्या वरच्या भागात कोळशाचे थर दिसले. कोळसा म्हणजे दलदलीत गाडलं गेलेलं जंगल. पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वी त्या जागी झाडं होती.

पुरावा आणला तो स्कॉटच्या माणसांनी. ८ फेब्रुवारी १९१२ ला, हिमनदी उतरताना, माउंट बकलीच्या पायथ्याशी ते दगड गोळा करत थांबले. उपाशी, हिमदंशाने पिचलेली माणसं. तरी विल्सनने पानांचे ठसे असलेले दगड निवडून घेतले, आणि सुमारे १६ किलो वजन स्लेजवर चढलं. नोव्हेंबर १९१२ मध्ये शोधपथकाला तंबू आणि मृतदेह सापडले तेव्हा ते दगड तिथेच होते. ते वजन टाकून द्यायला हवं होतं, असं अनेक जण म्हणतात. मला तसं वाटत नाही. १६ किलोंनी त्यांचा मृत्यू टळला असता असं मानायला जागा नाही, आणि त्या दगडांनी जे सांगितलं ते दुसरं कुणी सांगू शकत नव्हतं.

त्या दगडांचा आणि महाराष्ट्राचा काही संबंध आहे, असं ऐकलं. खरं का?

अगदी खरं, आणि या विषयात माझा जीव गुंतला तो इथेच.

स्कॉटच्या दगडांतली पानं तपासून वनस्पतिशास्त्रज्ञ सेवर्ड यांनी १९१४ मध्ये ती ‘ग्लॉसोप्टेरिस इंडिका’ची असल्याचं सांगितलं. इंडिका, म्हणजे भारतातली. या वनस्पतीचं पहिलं शास्त्रीय वर्णन १८२८ मध्ये ब्रोंन्यार यांनी केलं ते भारत आणि ऑस्ट्रेलियातल्या नमुन्यांवरून. ‘ग्लॉसा’ म्हणजे ग्रीकमध्ये जीभ, आणि पान खरोखर जिभेसारखंच असतं. नागपूरजवळच्या कामठी परिसरातली अशी पानं एकोणिसाव्या शतकातच स्टीफन हिस्लॉप या नागपूरच्या मिशनरी शिक्षकाने गोळा केली होती. तिथल्या खडकांच्या थरालाच भूशास्त्रात ‘कामठी’ म्हणतात. वर्धा खोऱ्यातला कोळसा, म्हणजे चंद्रपूर, बल्लारपूर, वणी, हाही त्याच गोंडवन काळातला. ‘गोंडवन’ हे नावच गोंडांच्या मुलखावरून पडलं. १८७२ मध्ये मेडलिकॉट यांनी ते खडकांना दिलं, आणि नंतर एडवर्ड झ्यूस यांनी ते अख्ख्या प्राचीन खंडाला लावलं.

असा एक दगड मी हातात धरला आहे. तळहाताएवढी तांबूस, लोहयुक्त चपटी. त्यावर बोटभर लांबीचं पान, मधली शीर ठसठशीत, आणि तिच्यातून दोन्ही बाजूंना निघालेल्या बारीक शिरांची जाळी. पिंपळाचं पान वहीत ठेवून वाळवलं की जशी जाळी उरते, तशी. दगड तिरका करून उजेड कडेने पडू दिला की प्रत्येक धागा उठून दिसतो. बिअर्डमोरच्या काठावर विल्सनने उपाशीपोटी ज्या पानांकडे टक लावून पाहिलं, ती याच पानांची भावंडं. तेव्हा विदर्भ आणि अंटार्क्टिका एकाच भूखंडाचे भाग होते.

आणखी एक. त्या जंगलांच्या आधी विदर्भातही हिमनद्या होत्या. चंद्रपूर जिल्ह्यात इरईजवळ जुन्या चुनखडकाच्या पृष्ठभागावर घासल्याच्या समांतर रेघा आहेत, आणि वर गोटे मिसळलेला तालचेर थर. सरकत्या बर्फाने तळाशी अडकलेले दगड खालच्या खडकावर घासत नेले, त्याच्या त्या खुणा. फेडन या भूवैज्ञानिकाने १८७० च्या दशकात त्या ओळखल्या. मे महिन्यात ४६-४७ अंशांत तापणाऱ्या जिल्ह्यात सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी बिअर्डमोरसारखाच बर्फाचा प्रवाह सरकत होता, हे शाळेतल्या मुलांना तिथे नेऊन दाखवायला हवं. असे उघडे खडक आपल्याकडे निगुतीने जपले जात नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

तिथे डायनासोरचे अवशेष सापडतात का?

हो. १९९०-९१ च्या उन्हाळ्यात माउंट कर्कपॅट्रिकवर विल्यम हॅमर यांच्या पथकाला क्रायोलोफोसॉरस हा मांसाहारी डायनासोर सापडला. त्याआधी, १९६९ मध्ये, बिअर्डमोर परिसरातल्या कोलसॅक ब्लफपाशी लिस्ट्रोसॉरस या डुकराएवढ्या प्राण्याची हाडं मिळाली. हा प्राणी आफ्रिकेतही मिळतो आणि आपल्या दामोदर खोऱ्यातही. त्याला समुद्र पोहून जाता येणार नव्हतं, म्हणजे जमीन सलग होती. खंड सरकतात की नाही यावर तेव्हाही वाद घालणाऱ्यांना या शोधाने गप्प केलं.

हवामान कसं असतं?

ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत सूर्य मावळत नाही, आणि हिवाळ्यात कित्येक महिने उगवत नाही. पठारावरची थंड, जड हवा पाण्यासारखी हिमनदीच्या उतारावरून खाली वाहत येते. चढणाऱ्याच्या तोंडावर सतत वारा असतो तो यामुळे.

हिमनदी पूर्वी याहून मोठी होती का?

मागच्या हिमयुगात मुखापाशी बर्फ आजच्यापेक्षा शेकडो मीटर जाड होतं. बर्फ खाली जाताना जे दगड उतारावर ठेवून गेलं, त्यांच्या पृष्ठभागावर अवकाशातल्या किरणांनी तयार झालेलं बेरिलियम मोजून ते कधी उघडे पडले हे काढता येतं. अशा मोजणीवरून दिसतं की सुमारे ८,००० वर्षांपूर्वीपर्यंत मुखाजवळचं बर्फ आजच्या पातळीच्या आसपास आलं होतं.

हा डोंगर कोणत्या देशाचा?

न्यूझीलंड या भागावर ‘रॉस डिपेंडन्सी’ म्हणून हक्क सांगतं. पण १९५९ च्या अंटार्क्टिक करारानुसार सगळे दावे आहेत तिथे गोठवले आहेत. नवा दावा नाही, लष्करी वापर नाही, आणि १९९१ च्या माद्रिद प्रोटोकॉलनंतर खाणकामही नाही. भारत १९८३ मध्ये या करारात सामील झाला.

भारताची केंद्रं तिथून जवळ आहेत का?

नाही. मैत्री हे केंद्र ध्रुवाच्या पलीकडच्या बाजूला, सरळ रेषेत सुमारे २,८०० किलोमीटरवर आहे, आणि भारती सुमारे २,४५० किलोमीटरवर. मात्र या सगळ्या कामाचं घर आपल्या शेजारी आहे : गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे, आणि भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीमही डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहूनच निघाली होती.

आपल्याला तिथे ट्रेकला जाता येईल का?

कळसूबाईसारखं नाही. भारतीय अंटार्क्टिक कायदा २०२२ नुसार परवाना लागतो, किंवा करारातल्या दुसऱ्या देशाची लेखी परवानगी. नेहमीच्या पर्यटक-जहाजांची वाट इथून फार दूर आहे. जे गेले ते दीर्घ मोहिमांवर : १९८५-८६ मध्ये रॉबर्ट स्वान, रॉजर मिअर आणि गॅरेथ वुड ही वाट चढून ध्रुवावर गेले. १९९० मध्ये राइनहोल्ड मेसनर आणि आर्वेड फुक्स ध्रुवावरून बिअर्डमोरने खाली उतरले. २०१३-१४ मध्ये बेन सॉन्डर्स आणि टार्का लेर्पिनिएर स्कॉटची पूर्ण वाट, जाऊन-येऊन, १०५ दिवसांत चालले. दगड उचलून आणायचा विचार कुणी करत असेल तर करू नका, तिथून परवान्याशिवाय काहीही हलवता येत नाही.

माउंट होपवर शॅकल्टनसाठी अन्न ठेवलं होतं, ती हकीकत काय?

ही सांगायला मला नेहमी वेळ लागतो.

१९१४ मध्ये शॅकल्टनने अंटार्क्टिका आरपार ओलांडायचं ठरवलं. तो ‘एन्ड्युरन्स’ जहाजाने वेडेल समुद्राकडून येणार, ध्रुवावरून बिअर्डमोर उतरणार आणि मॅकमर्डोला पोहोचणार. इतकं अन्न बरोबर नेता येत नाही. म्हणून दुसऱ्या जहाजाने, ‘ऑरोरा’ने, एक तुकडी रॉस समुद्राकडे गेली. तिचं काम होतं आइस शेल्फवर अक्षवृत्ताच्या अंशाअंशावर साठे लावत जाणं. शेवटचा साठा माउंट होपला.

मे १९१५ मध्ये वादळाने ‘ऑरोरा’ नांगरासकट समुद्रात वाहून गेली. किनाऱ्यावर दहा माणसं राहिली. बहुतेक कपडे आणि सामान जहाजावरच होतं. जुन्या तंबूच्या कॅनव्हासमधून त्यांनी विजारी शिवल्या. अर्नेस्ट वाइल्डने लाकडाचा भुसा, चहा, कॉफी आणि वाळलेला पाला मिसळून तंबाखू बनवली. आपण साठे लावले नाहीत तर पलीकडून येणारी माणसं मरतील, एवढंच त्यांना ठाऊक होतं. ते निघाले. स्टोव्ह बिघडल्याने तिघांना मागे फिरावं लागलं, सहा जण पुढे गेले. क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारी स्कर्व्ही लागली, हिरड्या सुजल्या, गुडघे काळे पडले. धर्मोपदेशक आणि छायाचित्रकार असलेल्या स्पेन्सर-स्मिथला चालवेना. २२ जानेवारी १९१६ ला त्याला एका तंबूत एकट्याला ठेवून पाच जण चार कुत्र्यांसह पुढे गेले, आणि २६ जानेवारीला माउंट होपला पोहोचले. वेशीजवळ स्कॉटच्या तुकडीने सोडलेल्या स्लेज बर्फात उभ्या होत्या. तिथे त्यांनी शेवटचा साठा लावला.

अर्नेस्ट वाइल्डने त्यात एक चिठ्ठी ठेवली. भावासाठी. त्याचा थोरला भाऊ म्हणजे तोच फ्रँक वाइल्ड, जो १९०८ मध्ये या डोंगरावर चढला होता आणि ज्याच्या हातातून सॉक्सचा लगाम सुटला होता. आता तो शॅकल्टनचा उजवा हात म्हणून पलीकडून येणार होता. धाकट्याची खात्री होती की दादा याच हिमनदीने उतरेल आणि चिठ्ठी त्याच्या हाती पडेल.

‘एन्ड्युरन्स’ दोन महिन्यांपूर्वीच, २१ नोव्हेंबर १९१५ ला, बर्फात चिरडून बुडाली होती. अर्नेस्टने चिठ्ठी ठेवली त्या दिवशी फ्रँक खंडाच्या पार दुसऱ्या बाजूला, वेडेल समुद्रात तरंगणाऱ्या बर्फाच्या तुकड्यावर तंबूत होता.

त्या माणसांचं पुढे काय झालं?

परतताना त्यांनी स्पेन्सर-स्मिथला तंबूतून घेतलं आणि स्लेजवर झोपवून सुमारे चाळीस दिवस ओढत आणलं. ९ मार्च १९१६ ला, तळ जवळ आलेला असताना, तो गेला. तुकडीचा प्रमुख मॅकिंटॉश आणि हेवर्ड ८ मे रोजी पातळ समुद्री बर्फावरून पलीकडे जायला निघाले, ते परत दिसले नाहीत. जॉइस, रिचर्ड्स आणि अर्नेस्ट वाइल्ड वाचले. १० जानेवारी १९१७ ला ‘ऑरोरा’ उरलेल्या सात जणांना न्यायला आली. जहाजावर शॅकल्टन स्वतः होता, आणि त्याच्याच तोंडून त्यांना कळलं की पलीकडून कुणी निघालंच नव्हतं.

अर्नेस्ट युद्धात नौदलात गेला आणि १९१८ मध्ये माल्टाला टायफॉइडने वारला. फ्रँक १९३९ पर्यंत जगला. २०११ मध्ये त्याच्या अस्थी दक्षिण जॉर्जिया बेटावर ग्रिटविकेनला, शॅकल्टनच्या थडग्याशेजारी पुरल्या.